राज्यवृक्ष : एका लुप्तोपमेची परीक्षा

दिवाळी अंकातल्या टीकालेखाला विषय म्हणून एखादी कादंबरी, कवितासंग्रह किंवा निदान एखादा वाङ्मयीन वाद असावा, असा शिरस्ता आहे. मी यंदा तो मोडणार आहे. ज्या कृतीचे परीक्षण करण्याचे मी योजले आहे ती अवघ्या एका वाक्याची आहे, तिचा लेखक सरकार आहे, आणि तिच्या जितक्या प्रती निघाल्या तितक्या आम्हां कादंबरीकारांपैकी कोणाच्याही निघालेल्या नाहीत. शाळांच्या भिंतींवर आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तिकांत ती छापलेली असते. ते वाक्य असे : महाराष्ट्राचा राज्यवृक्ष आंबा आहे.

एवढ्याशा वाक्यावर लिहिण्यासारखे काय आहे, असे रसिकांना वाटेल. वर्षापूर्वीपर्यंत मलाही तसेच वाटत होते. मी ते वाक्य फळ्यावर लिहीत आलो आणि मुले ते पाठ करीत आली. पण गेल्या साली सहामाही परीक्षेत ‘महाराष्ट्राचा राज्यवृक्ष कोणता?’ या प्रश्नापुढे एका मुलीने ‘बाभूळ’ असे लिहिले. मुलगी हुशार, बाकीचा पेपर स्वच्छ सोडवलेला. मी लाल शाईने फुली मारली आणि शून्य दिले. पेपर वाटताना तिला विचारले, “अगं, एवढं सोपं उत्तर तुला येऊ नये?” ती खाली मान घालून म्हणाली, “आमच्यात आंबा न्हाई, गुर्जी. बाभळ हाये.” वर्ग हसला. मीही हसलो. पुढच्या आठवड्यात दिवाळीची सुटी लागली आणि मुकादमाची उचल फेडण्यासाठी तिचे आईबाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघून गेले. ती अर्थातच त्यांच्याबरोबर गेली. सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा तिची जागा रिकामी होती. ते शून्य मात्र माझ्या मनात घर करून राहिले. उत्तर चुकलेले होते यात शंका नाही. पण प्रश्न बरोबर होता काय, हे मी स्वतःला कधीच विचारले नव्हते.

आमच्या गावाला प्रतीके नवी नाहीत. खर्डा हे जामखेड तालुक्यातले, बालाघाटाच्या डोंगररांगांजवळचे गाव. ११ मार्च १७९५ रोजी येथे मराठे आणि निजाम यांची लढाई झाली आणि ‘खर्ड्याची लढाई’ म्हणून गावाचे नाव इतिहासाच्या पुस्तकात गेले. गावाला निंबाळकरांचा किल्ला आहे. २०२१ च्या दसऱ्याला त्या किल्ल्यापाशी ७४ मीटर उंचीचा भगवा स्वराज्यध्वज उभारला गेला. अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी आमच्याच तालुक्यात असून २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. सारांश, खूण म्हणजे काय, नाव म्हणजे काय, हे आम्हांला अनुभवाने ठाऊक आहे. ध्वज वर चढवण्याचा सोहळा एका दिवसाचा असतो. वाऱ्यापावसात तो धड राखण्याचे काम बारा महिन्यांचे असते. राज्यवृक्षाच्या बाबतीत सोहळा कोणता आणि बारा महिन्यांचे काम कोणते, हा माझ्या लेखाचा विषय आहे.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. सौंदर्यशास्त्रावरचे जाड ग्रंथ मी उघडले आणि नम्रपणे मिटले. पण अलंकार मात्र मी मुलांना शिकवतो, आणि तेवढ्याच भांडवलावर हा प्रपंच मांडला आहे. पूर्णोपमेची चार अंगे आपण सर्वांनी शाळेत घोकली आहेत : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. मुख चंद्रासारखे सुंदर, यात ‘सुंदर’ हा साधारण धर्म. त्यातला एखादा घटक गाळला म्हणजे लुप्तोपमा होते. धर्म गाळलेला असेल तर ती धर्मलुप्ता. ‘महाराष्ट्र आंब्यासारखा’ असे सरकारने म्हटले, पण कोणत्या गुणाने, हे सांगितले नाही. गोड म्हणून? मोठा म्हणून? सदा हिरवा म्हणून? मोहरतो फार आणि गळतोही फार, म्हणून? राज्यवृक्ष ही धर्मलुप्तोपमा आहे. कवीने धर्म गाळला तर रसिक तो आपल्या मनाने भरतो आणि त्यातच त्याला आनंद होतो. राज्याने धर्म गाळला तर मात्र तो शोधून काढणे हे टीकाकाराचे कामच ठरते, कारण या उपमेचे उपमेय आपण सर्वजण आहोत.

आणि ही उपमा एकटी नाही. शेकरू हा राज्यप्राणी, हरियाल हा राज्यपक्षी, तामण हे राज्यपुष्प. २०१५ साली ब्लू मॉरमॉन हे राज्यफुलपाखरू ठरले. २०२० साली पांढरी चिप्पी या कांदळवृक्षाला राज्याच्या कांदळवनवृक्षाचा मान मिळाला. २०२३ साली पापलेट राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी राज्यगीतही ठरले. लग्नाच्या याद्या कराव्यात तशी ही यादी वाढत गेली. यांपैकी शेकरूचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. ही मोठी खार भीमाशंकरच्या दाट रानात राहते. फांद्यांना फांद्या लागलेल्या असतील तरच ती जगते. तेव्हा ‘शेकरू आमचा’ असे म्हटले की ‘सलग रान आमचे’ असे आपोआप म्हणावे लागते. तेथे धर्म शब्दाने सांगितलेला नाही, पण तो ध्वनित आहे. चिप्पीचे उदाहरण त्याहून चांगले. सरकारने २०१२ साली कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष स्थापन केला आणि मान आठ वर्षांनी दिला. आधी काम, मग पदवी. आमच्या शिक्षणखात्यात हा क्रम पुष्कळदा उलटा असतो, म्हणून मला त्याचे अधिक कौतुक वाटते.

इतर राज्यांनी काय केले, हेही पाहिले पाहिजे. तुलनेवाचून परीक्षण म्हणजे एका पारड्याचा तराजू. तामिळनाडूने ताड निवडला. त्या भाषेचे प्राचीन वाङ्मय शतकानुशतके ताडपत्रांवर लिहून जतन झाले. तेव्हा उपमेय आणि उपमान यांचा सांधा कोठे आहे हे पोरालाही सांगता येते. कर्नाटकाने चंदन निवडले. चंदनाच्या रानांचा देश ही त्या प्रदेशाची जुनी ख्याती आहे.

आपल्या शमीची, म्हणजे आमच्याकडच्या सौंदडीची, कथा तर दोन राज्यांत दोन प्रकारांनी सांगितली गेली. राजस्थानने १९८३ साली तिला खेजडी या नावाने राज्यवृक्ष केले. वाळवंटात पाऊस दगा देतो तेव्हा तिचा पाला जनावरे जगवतो आणि तिच्या शेंगा, ज्यांना तेथे सांगरी म्हणतात, माणसे जगवतात. शिवाय तिच्यामागे रक्ताची साक्ष आहे. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात दरबारची माणसे खेजडी तोडण्यास आली, तेव्हा अमृतादेवी आणि तिच्यामागोमाग बिश्नोई समाजातली माणसे झाडांना मिठ्या मारून उभी राहिली. ३६३ जणांनी प्राण दिले. तेलंगणाने २०१४ साली, राज्य होताच, हीच शमी निवडली. तिकडे दसऱ्याला तिची पूजा होते आणि पांडवांनी तिच्यात शस्त्रे लपवल्याची कथा घरोघर सांगतात. एकाने झाड पोटाच्या बाजूने निवडले, दुसऱ्याने पुराणाच्या. पण दोन्हीकडे ‘का?’ या प्रश्नाला उत्तर आहे. आपणही दसऱ्याला शमी पूजतो आणि आपट्याची पाने सोने म्हणून लुटतो. त्या एका दिवशी आपट्याच्या फांद्यांची जी दशा होते ती पाहिली म्हणजे वाटते, झाडाला मान मिळणे ही नेहमीच त्या झाडाच्या हिताची गोष्ट नसावी.

मान आणि हित यांची फारकत कोठवर जाऊ शकते, हे गोव्यात दिसले. तेथल्या १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात ‘वृक्ष’ या शब्दाची जी व्याख्या होती, तिच्यातून २०१६ साली दुरुस्ती करून माड वगळण्यात आला. माडाला फांद्या नसतात, वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तो इतर झाडांसारखा वृक्ष नव्हे, इत्यादी युक्तिवाद झाले. ज्याच्या सावलीत कोकणी माणसाचे बारसे होते, ज्याचा नारळ वाढवल्याशिवाय कोणतेही काम सुरू होत नाही, तो वृक्षच नव्हे! गोव्याचे लोक भडकले यात नवल नाही. २०१७ साली नव्या सरकारने माडाला पुन्हा वृक्षांत बसवले आणि वर राज्यवृक्षाचा मानही दिला. व्याख्येवर एवढे रण माजलेले मी वाङ्मयातसुद्धा क्वचित पाहिले आहे. यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. गोव्यात माडाचा मान ही शोभेची वस्तू राहिलेली नाही. सरकारने केलेली एक चूक आणि लोकांनी घेतलेली तिची दखल, या दोहोंचा तो दाखला आहे.

आता आमच्या मुलीच्या बाभळीकडे वळतो.

साधर्म्याच्या कसोटीला बाभूळ लावून पाहावी असे मनात आले आणि मी चकित झालो. आमचा मुलूख पर्जन्यछायेचा. येथे जे झाड न लावता येते आणि न पाणी घालता जगते ते बाभूळ. नांगर, जू, गाडीच्या चाकाच्या आऱ्या तिच्या लाकडाच्या. शेताला कुंपण तिच्या काट्यांचे. शेळ्या तिच्या शेंगांवर पोसतात. सकाळी दात घासायला तिची काडी, बाळंतिणीच्या लाडवांत तिचा डिंक, चामडे कमावायला तिची साल, चुलीत तिचे सरपण. ऊसतोडीला गेलेली बाई फडाच्या बांधावर जी झोळी बांधते, तीही पुष्कळदा बाभळीलाच. झोळीतल्या लेकराला जी विरळ सावली मिळते तीच त्याची पहिली शाळा. ‘आमच्यात बाभळ हाये’ या तीन शब्दांत त्या मुलीने उपमेय, उपमान आणि साधारण धर्म एका दमात सांगितले होते. जे कोणी लावत नाही आणि सर्वजण वापरतात, ते आमचे झाड. म्हणजेच आम्ही.

मराठी साहित्याने तरी या झाडाकडे कसे पाहिले? अगदीच दुर्लक्ष केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. वसंत बापटांची ‘बाभुळझाड’ ही कविता आहे, आणि पिढ्यांनी ती आवडीने म्हटली आहे. १९५५ साली व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने दुष्काळी माणदेश आणि त्यात नेमणूक झालेला एक तरुण मास्तर मराठी कादंबरीत आणला, त्या पुस्तकाने मला मास्तर आणि लेखक दोन्ही होण्याचे धैर्य दिले, हे येथे कबूल करतो. तथापि एकंदरीने पाहता आपल्या ललित वाङ्मयात झाडांनाही जातिभेद आहेत. प्रीतीला आम्रवृक्ष आणि कोकिळा, विरहाला प्राजक्त, वैराग्याला पिंपळ, आणि बाभळीच्या वाट्याला उपहास : बाभळी पेरल्या तर आंबे कोठून येणार, असा. हा दाखला देताना आपल्या ध्यानातही येत नाही की ज्या जमिनीत आंबे येतच नाहीत, तेथे बाभळी आल्या म्हणून माणसे तगली. मी स्वतः तीन कादंबऱ्या लिहिल्या. तिन्ही याच मुलखातल्या. हा लेख लिहिण्यापूर्वी त्या पुन्हा चाळल्या, तेव्हा तिन्हींत नायकनायिका भेटतात त्या ठिकाणी आमराई आहे असे आढळले. आमच्या पंचक्रोशीत अशी आमराई मी शेवटची कधी पाहिली? सरकारला दोष देण्यास निघालेल्या टीकाकाराच्या हातात अशा रीतीने स्वतःचाच कान आला.

येथवर आल्यावर ‘आंबा काढा आणि बाभूळ बसवा’ असा निष्कर्ष काढून मोकळे होणे सोपे होते. काही दिवस माझे मत तसेच होते, आणि शिक्षकांच्या खोलीत मी ते तावातावाने मांडलेही. पण दोन गोष्टींनी मला अडवले.

पहिली गोष्ट गावातल्याच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने लक्षात आणून दिली. तो म्हणाला, “गुर्जी, आंबा न्हाई म्हंता, पर हुता की! माझ्या आज्याच्या वक्ताला हिरीवर पाच झाडं हुती.” मग त्याने नावे सांगितली : शेंदऱ्या, खोबऱ्या, शेप्या, गोटी, साखऱ्या. कोयीपासून आलेला हा रायवळ आंबा. प्रत्येक झाडाची चव निराळी, म्हणून प्रत्येक झाडाला माणसासारखे नाव. त्याला कलमाचा रुबाब नाही, पेटीतले गवत नाही, भाव नाही. कोणाच्या लोणच्याला, कोणाच्या पन्ह्याला, कोणाच्या तोरणाला आणि कोणाच्या सरणाला तो उपयोगी पडे. आंबा म्हटले की माझ्या आणि तुमच्याही डोळ्यांपुढे हापूस येतो. सरकारने मात्र ‘आंबा’ एवढेच म्हटले होते. त्याचा हापूस आम्ही केला. ज्याला आम्ही परका समजलो त्याचा एक गरीब भाऊ आमच्याच विहिरीवर राहत होता. विहीर आटली, वाटण्या झाल्या, झाडे लाकडाच्या वखारीत गेली, आणि मग एका पिढीने आपल्या मुलांना सांगितले की आमच्यात आंबा नाही. त्या मुलीचे उत्तर खरे होते. परंतु ते आमच्या भूमीपेक्षा आमच्या विस्मरणाबद्दल अधिक खरे होते.

दुसरी गोष्ट पुस्तकात सापडली. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१६ च्या सुमाराचे. मराठी राज्याने आपल्या कारभाराची नीती आपल्याच भाषेत लिहून ठेवली, असा हा ग्रंथ. त्यातला आरमारासंबंधीचा मजकूर आजकाल शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून सर्रास सांगितला जातो. ग्रंथ अमात्यांचा आहे. धोरण थोरल्या महाराजांच्या वेळेपासून चालत आलेले, असे मानतात. तेथे अमात्य सांगतात त्याचा आशय असा : आरमाराला लाकूड लागते, सागासारखे लाकूड रानातून परवानगीने आणावे, कमी पडले तर परमुलखातून विकत घ्यावे. आंबा आणि फणस हीही लाकडे आरमाराच्या कामाची आहेत, पण त्यांना हात लावू नये. कारण ही झाडे वर्षादोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी पुष्कळ काळ जतन करून वाढवलेली असतात. ती तोडल्यावर तिच्या दुःखाला पारावार राहणार नाही. आणि एकाला दुःख देऊन जे काम साधते ते करणाऱ्यासकट लवकरच लयाला जाते. एखादे झाड अगदीच जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बळजबरी सर्वथा करू नये.

हे वाचले आणि माझी लुप्तोपमा पूर्ण झाली. तीनशे वर्षांपूर्वी मराठी राज्याने आंब्याची निवड केली होती. फक्त तिचे नाव ‘राज्यवृक्ष’ नव्हते. शोभेसाठी ती निवड नव्हती, तसेच गोडव्यासाठी किंवा कोकिळेसाठीही नव्हती. राज्याला ज्या वस्तूची गरज आहे, जी घेण्याचे बळ त्याच्या अंगी आहे, आणि तरीही जिला ते हात लावणार नाही, अशी वस्तू म्हणून आंबा निवडला होता. राज्य आणि आंबा यांतला साधारण धर्म कोणता, याचे उत्तर ‘आवरलेला हात’ हे आहे. आंब्याच्या झाडापाशी येऊन राज्याची कुऱ्हाड थांबते. ती जेथे थांबते तेथून रयतेचा अधिकार सुरू होतो. याहून चांगले राजकीय प्रतीक मला इतर कोणत्याही भाषेत माहीत नाही.

या कसोटीला आजची कृती लावली तर काय दिसते? १९६४ साली महाराष्ट्रात वृक्षतोडीच्या नियमनाचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत आंब्याचे नाव आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते चिंच, फणस, जांभूळ यांच्या रांगेत आहे. राज्यवृक्ष म्हणून त्याच्या वाट्याला काकणभर अधिक काही आलेले मला दिसत नाही. आमच्या भागातला एक रस्ता काही वर्षांपूर्वी रुंद झाला. त्याच्या दोन्ही अंगांची जुनी झाडे, त्यांत आंबेही होते, चार दिवसांत आडवी झाली. कागदपत्र सर्व रीतसर असतील, असे मी धरून चालतो. पण त्या चार दिवसांत ‘हा आपल्या राज्याचा वृक्ष आहे’ असे कोणी म्हणाले नाही. मीही म्हणालो नाही. मी त्या वेळी वर्गात राज्यवृक्षाचे नाव पाठ करून घेत होतो.

उलट उदाहरणेही आहेत, आणि ती सांगितली नाहीत तर परीक्षण एकांगी होईल. सांगली जिल्ह्यात भोसे येथे महामार्गाच्या आड एक पुरातन वड आला. लोक त्याच्याभोवती जमले आणि २०२० साली रस्त्याची आखणी बदलावी लागली. वड हा भारताचा राष्ट्रीय वृक्ष आहे खरा, पण तेथे तो गावाचा वड म्हणून वाचला. आमच्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार या गावांनी कुऱ्हाडबंदी स्वीकारली. कुऱ्हाडबंदी! अमात्यांच्या त्या मजकुराचे एका शब्दात भाषांतर करायचे झाले तर याहून नेमका शब्द सापडणार नाही. त्या गावांनी कोणत्याही एका झाडाला ‘ग्रामवृक्ष’ अशी पदवी दिल्याचे मी ऐकले नाही. त्यांनी स्वतःचा हात आवरला, आणि झाडे आपोआप उभी राहिली.

मग पदवी निरुपयोगी आहे काय? तसेही मला वाटत नाही. लेबनॉनच्या निशाणावर १९४३ पासून तेथला देवदार आहे. पण हजारो वर्षे राजांनी देवळांसाठी आणि गलबतांसाठी तो तोडला. आता डोंगरात त्याच्या थोड्या राया उरल्या आहेत. नुसते चित्र झाडाला वाचवीत नाही, याचा हा जगातला मोठा पुरावा. परंतु राजस्थानात अलीकडच्या वर्षांत सौरऊर्जेच्या प्रकल्पांसाठी खेजडी तोडली जाऊ लागली, तेव्हा बिकानेरकडचे लोक रस्त्यावर आले, आणि त्यांच्या हातात एक वाक्य होते : हा तुमचाच राज्यवृक्ष आहे. सूर्याची वीज ही काही वाईट गोष्ट नव्हे. तरीही राज्याला स्वतःच्या शब्दाची आठवण करून देण्याचे साधन लोकांपाशी होते. राज्यवृक्ष म्हणजे राज्याने लिहून दिलेली हुंडी आहे. ती वटवावयास माणूस गेलाच नाही, तर तो नुसता कागद. आपण महाराष्ट्रात ही हुंडी परीक्षेत दोन गुणांना मोडतो आणि मोकळे होतो.

म्हणून आंबा बदला, अशी माझी मागणी नाही. राज्यभर एकच झाड सर्वांचे होणे शक्य नाही. कोकणचा माड, विदर्भाचा मोह, आमची बाभूळ, प्रत्येकाचा आपला हक्क आहे. आंबा राहू द्यावा. पण त्याचा गाळलेला धर्म वाक्यात परत घालावा. ‘महाराष्ट्राचा राज्यवृक्ष आंबा आहे’ याच्या पुढे एक ‘कारण’ जोडावे, आणि त्या कारणात अमात्यांची नीती यावी. ज्या रस्त्यावर जुना आंबा उभा आहे तेथे मोजणीचा माणूस पोहोचण्यापूर्वी ते कारण पोहोचावे. आणि रायवळ आंब्याच्या कोयी आमच्यासारख्या कोरडवाहू गावांच्या शाळांना मिळाव्यात. बाभळीला पदवी नको. ती पदवीवाचून जगत आली आहे. तिच्या जागी वेडी बाभूळ माजते आहे तेवढी आवरली आणि पाठ्यपुस्तकात तिचे नाव उपहासाखेरीज एकदा आले, तरी ती कृतज्ञ राहील.

यंदा पाडव्याच्या मागेपुढे टोळ्या परतल्या. मुलगीही आली, एका हंगामात बोटभर उंच झालेली. मी तिचे शून्य बदलले नाही. उत्तर चूक होते, आणि मास्तराने दयेपोटी गुण देऊ नयेत, असे माझे मत आहे. पण यंदाच्या सहामाहीत प्रश्न बदलला. ‘आपला राज्यवृक्ष कोणता? तुमच्या घराजवळचे झाड कोणते? दोहोंपैकी कोणते कोणी तोडू लागल्यास तुम्ही काय म्हणाल?’ असे तीन भाग केले. पहिल्या भागाला सर्व वर्गाने ‘आंबा’ असे लिहिले. दुसऱ्यात बाभूळ, लिंब, चिंच, बोर, हिवर असे सगळे रान आले. तिसऱ्या भागाखाली बहुतेकांनी जागा कोरी सोडली. त्या मुलीने मात्र एक ओळ लिहिली होती : ‘आधी आमाला इचारा.’

शुद्धलेखनाच्या दोन चुका. मी दोन्हींखाली रेघ ओढली आणि पूर्ण गुण दिले. अमात्यांनाही बहुधा हेच म्हणायचे होते.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा टोळ्या पुन्हा निघालेल्या असतील.